पलीकडच्याची माफी

पडदा वर जातो, पण समोर रंगमंच नाही. रंगमंचाच्या मागची लांबट खोली आहे, नाट्यगृहाचा कपडेपट. उंच खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आत उतरलंय. लोखंडी दांड्यांवर राजांचे झगे, शिपायांचे कोट, नायिकांचे घोळदार पोशाख टांगलेत आणि धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर पांढऱ्या चादरी टाकल्यात. त्यामुळे खोलीत कुणी नसतानाही माणसांची एक रांग डोक्यावरून पांघरूण घेऊन उभी असल्यासारखी वाटते. मधोमध कापणीचं टेबल, त्यावर इस्त्री, खडू, बटणांचे डबे. टोप, बूट, कमरपट्टे. बोट ठेवायला जागा नाही. फक्त मागची भिंत कोरी आहे. तिच्यावर साधा खिळासुद्धा नाही.

त्या भिंतीकडे कधीच पाठ न करणारी एक बाई खोलीत उभी आहे. अंगानं जाड, केस आवळून बांधलेले, गळ्यात मोजपट्टी. सगळी नाटकमंडळी तिला ताई म्हणायची, तिच्याहून वयानं मोठी असलेलीसुद्धा. तिच्या हातात एका चादरीची दोन टोकं आहेत. उरलेली दोन टोकं धरून समोर उभी आहे ती तिची धाकटी बहीण.

रोज दुपारी, खेळाच्या आधी, हाच प्रवेश व्हायचा. दांडीवरची पहिली चादर उतरवायची, दोघींनी ताणून झटकायची, मधोमध दुमडायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. हाताला हात लागला की ताई हळूच विचारायची, "ऐकतेस का?"

धाकटी म्हणायची, "नाही. मला नाही ऐकू येत."

"बरं. टोकं जुळव."

मग पुढच्या चादरी भराभर निघायच्या आणि कपडेपटाचा दिवस सुरू व्हायचा.

ऐकायचं कुणाचं, तर पलीकडच्याचं. कोऱ्या भिंतीच्या मागे जुन्या देखाव्यांची खोली होती, वर्षानुवर्षं कुलूपबंद. तिथे एक माणूस राहतो आणि तो दिवसभर आपल्याबद्दल बोलतो, असं ताईला ऐकू यायचं. सुई उचलली की म्हणायचा, बघा, उचलली सुई. पाणी प्यायली की म्हणायचा, पितेय, पिऊ दे. कधी हसायचा, कधी शिव्या द्यायचा, कधी नुसताच तिचं नाव घेत राहायचा, दात घासताना माणूस गुणगुणतो तसा. धाकटीनं एकदा किल्ली मागून आणून ते दार तिच्यासमोर उघडलं होतं. आत कापडावर रंगवलेलं जंगल होतं, राजवाड्याचे पुठ्ठ्याचे खांब होते आणि कुठेच न जाणारा एक अर्धा जिना होता. ताईनं सगळं नीट पाहिलं, खांबामागे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता गप्प बसलाय. बायका आल्या की बसतो."

ही काही ताईची जन्मापासूनची गोष्ट नव्हे. आईचं बोट धरून ती या कपडेपटात आली तेव्हा बारीक, चपळ, तोंडाळ पोर होती. आईच्या मागे सगळं काम तिनंच अंगावर घेतलं. नटाच्या अंगावर नजर टाकली की माप तिच्या डोक्यात. विंगेतल्या अंधारात, दोन प्रवेशांच्या मध्ये, भिकाऱ्याचा सरदार करून ती त्याला बाहेर ढकलायची आणि वर म्हणायची, "जा, आता तरी ताठ चाला." हिरोच्या पोटाला तर ती तोंडावर टोमणे मारायची. म्हणायची, तुमच्या कोटाला मी शिवण घालते ती पुढच्या हंगामाचा विचार करून.

मग तिशीच्या उंबरठ्यावर ती गप्प होत गेली. झोप उडाली. टेबलाची जागा बदलली. भिंतीवरचे कपडे काढून टाकले. कुणाला काही विशेष वाटलं नाही. कामाचा ताण, म्हणाले. एका खेळात मात्र तिसऱ्या अंकात कर्नल झालेल्या नटानं खिशातलं घड्याळ काढण्यासाठी हात घातला आणि हात आत जाईचना. खिसा शिवलेला होता. बिचाऱ्यानं दुसरा खिसा चाचपला, तोही शिवलेला. शेवटी त्यानं आभाळाकडे बघून वेळ सांगितली आणि प्रेक्षक खो खो हसले. नंतर बघतात तो काय, कपडेपटातल्या एकूण एक पोशाखाचे खिसे बारीक, देखण्या टाक्यांनी बंद केलेले. मंडळी त्यावरही हसली. आठवडाभर तोच विनोद चालला. हसली नाही ती एकटी धाकटी. तिनं रात्रीच्या जेवणाला ताईला विचारलं की खिसे का शिवलेस, तेव्हा ताईनं सांगितलं, तो खिशांत काहीबाही टाकतो, मग लोक माझ्याकडे बघतात.

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं. लग्न लावून टाका म्हणजे मन रमेल, असं मामा म्हणाला. हवापालट करा, असं शेजारीण म्हणाली. नाटकात राहून नाटकी झाली, असं कुणीतरी जाता जाता म्हणालं, ते धाकटीला फार लागलं. ताई पहिल्यांदा रुग्णालयात राहिली ती बरीच लांबली. परत आली ती जड पावलांची, जड जिभेची ताई. औषधांनी पलीकडचा पुष्कळ लांब गेला, कुजबुजीवर आला. पण जाताना ताईच्या हातांची स्थिरता घेऊन गेला. बोटं थरथरायची. सुईत दोरा ओवता येईना. मग धाकटी सकाळी आल्या आल्या निरनिराळ्या रंगांचे दोरे ओवून सुयांची रांगच्या रांग उशीला टोचून ठेवायची. एकदा सुई हातात आली की टाके तेच, पूर्वीचेच. हे दोघींनी कधी ठरवलं नव्हतं. एके दिवशी सुरू झालं आणि चालू राहिलं.

रुग्णालयातली डॉक्टरीणबाई सपाट चपला घालणारी, कमी बोलणारी होती. तिनं धाकटीला समोर बसवून समजावलं होतं की हा ताप नव्हे, उतरला की संपला असा. काही जणांचा हा आजार पुरता निवतो, पण तुमच्या बहिणीला बहुधा जन्मभर त्याच्याबरोबर राहावं लागेल. चांगली वर्षं येतील, वाईट महिने येतील. औषध सोडायचं नाही. यात तिचा दोष नाही, तुमच्या आईचा नव्हता आणि तुमचाही नाही. धाकटीनं विचारलं, तो आवाज खोटाच ना? तेव्हा डॉक्टरीणबाईनं मान हलवली. "पलीकडे कुणी नाही, हे खरं. पण तिला ऐकू येतं, हेही खरंच. तुम्ही वाद घालू नका आणि होला हो करू नका. तुम्हाला जे आहे तेवढंच सांगा."

त्यातून ते चादरीचं बोलणं निघालं. ताई विचारायची, धाकटी खरं सांगायची. ताईला तेवढं पुरायचं. धाकटीला ऐकू येत नाही, म्हणजे तो भिंतीचा नाही, आपल्या आतला आहे. आतला आहे तर बोलू दे, काम करू या. अशी कित्येक वर्षं निघाली, आणि ती वाईट नव्हती.

आता धाकटीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती कपडेपटात इस्त्री करायची आणि नाटकात मोलकरीण व्हायची. सगळ्या नाटकांत मोलकरीणच, आणि वाक्यही जवळजवळ एकच: "बाईसाहेब, कुणीतरी भेटायला आलंय." पांढरा एप्रन घालून यायचं, वाक्य टाकायचं, जायचं. मंडळी तिला चिडवायची की तू आमच्या घरी येऊ नकोस, मागून पाहुणे येतात. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. पण कधीतरी आपल्यालाही मोठी भूमिका मिळावी असं विंगेत उभ्या असलेल्या कुणाला वाटत नाही?

ती मिळाली, आणि अशी मिळाली की शत्रूला मिळू नये.

एका वर्षी ताईनं औषध सोडलं. कुणाला न सांगता. गोळी जिभेखाली धरायची आणि मोरीत टाकायची. पलीकडचा जवळ आला. अन्नात खबर देणारं काहीतरी आहे, असं तो सांगू लागला आणि ताईचं जेवण सुटलं. गालफडं बसली. डॉक्टरीणबाईनं पाहिलं आणि सांगितलं की हिला आत ठेवायला हवं, उशीर करू नका. पण मागच्या खेपेला रुग्णालयाच्या दारातून परत येताना ताईनं धाकटीचा हात धरून म्हटलं होतं, मला पुन्हा तिथे ठेवू नकोस, आणि धाकटीनं शब्द दिला होता. डॉक्टर एकीकडे, शब्द एकीकडे. धाकटी कपडेपटाच्या पायरीवर बसून रडत होती, तिथे तिला राक्षसकाकांनी पाहिलं.

राक्षसकाका म्हणजे मंडळीतले खलनायक. जन्मभर लोकांची घरं जाळली, पोरी पळवल्या, मृत्युपत्रं बदलली. आणि प्रत्यक्षात मुंगीला वाट द्यायला थांबणारा माणूस. ताईवर त्यांचा जीव. त्यांचे सगळे काळे कोट तिच्याच हातचे. सगळं ऐकून घेऊन काका म्हणाले, "अगं, आपण नाटकवाले ना? तिला तो माणूस दिसत नाही, ऐकू येतो. मग मी त्याचा आवाज होतो. भिंतीमागे उभा राहतो, माफी मागतो आणि निघून जातो. पात्रच गेलं तर नाटक संपेल की नाही?"

धाकटीला डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण समोर उपाशी बहीण होती आणि शेजारी तीस वर्षांचा अनुभव होता. तिनं होकारार्थी मान डोलावली.

मग मंडळींत उत्साह संचारला. इतके दिवस सगळ्यांना ताईसाठी काहीतरी करायचं होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं; आता जे येत होतं तेच करायचं होतं. प्रॉम्प्टरनं बसून लांबलचक भाषण लिहून आणलं, त्यात 'हे देवी' होतं आणि पश्चात्तापाचा अग्नी होता. काकांनी ते वाचून चहाच्या कपाखाली ठेवलं आणि म्हणाले, माफी मागताना माणूस इतकं बोलत नाही. नाटकमंडळीच्या मालकांनी देखाव्यांच्या खोलीच्या कुलपाला तेल घातलं. तालीमसुद्धा झाली. एकानं भिंतीच्या अलीकडे उभं राहून शब्द कळतात का ते पाहिलं. धाकटीचं काम एवढंच होतं की ताईनं विचारलं तर हो म्हणायचं. वाक्य नेहमीच्या वाक्याहून लहान.

दुपार झाली. पहिली चादर उतरली. दोघींनी ती झटकली, दुमडली, आणि चालायला लागणार तोच भिंतीमागून आवाज आला. जाडसर, थकलेला.

"मी चुकलो. तुम्हाला फार त्रास दिला. आता मी जातो. पुन्हा येणार नाही."

मग पावलं. मग दार ओढून घेतल्याचा आवाज. राक्षसकाकांनी रंगमंचावर हजारो माणसांना घाबरवलं असेल, पण असं काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं आणि पुढेही केलं नाही.

ताई चादर धरून तशीच उभी होती. चादरीचा ताण सुटला होता, मधला भाग जमिनीला टेकला होता. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"ऐकलंस का?"

धाकटी म्हणाली, "हो. ऐकलं."

नजर हलली नाही, आवाज कापला नाही. विंगेतून कान लावून बसलेला प्रॉम्प्टर पुढे कित्येक दिवस सांगत होता की एवढं नैसर्गिक 'हो' त्यानं कुठल्या नायिकेच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

टोकं जुळव, असं ताई म्हणाली नाही. तिनं हातातली चादर खाली सोडली आणि विचारलं, काही खायला आहे का.

ती जेवली. संध्याकाळीही जेवली. दुसऱ्या दिवशी हिरोच्या पोटावर टोमणा मारला. मंडळी एकमेकांच्या पाठी थोपटत होती, मालकांनी सगळ्यांना चहा दिला. काका रंगवलेल्या जंगलात एकटेच बसून डोळे पुसत होते. धाकटीला बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली. गोळ्यांचा विषय तिनं काढला, तर ताई म्हणाली, आता कशाला, तो गेला ना, तूच ऐकलंस.

साधारण आठवड्यानं काकांचा खेळ होता. त्यात त्यांना एक मुखवटा होता, मोठ्या उघड्या तोंडाचा. पेटी उघडून काकांनी तो हातात घेतला आणि त्यांचे हात तसेच राहिले. मुखवट्याचं तोंड शिवलेलं होतं. ओठांना भोकं पाडून, काळ्या दोऱ्यानं, बारीक, देखण्या टाक्यांनी. त्यांनी तो कुणाला न दाखवता पेटीत परत ठेवला आणि धाकटीला हाक मारली. धाकटी धावत आली ती एप्रनच्या खिशात रुमाल शोधत. हात आत गेला नाही.

तिनं खाली पाहिलं. तिच्या एप्रनचा खिसा शिवलेला होता.

इतक्या वर्षांत, अगदी वाईटात वाईट दिवसांतही, ताईनं धाकटीच्या खिशाला सुई लावली नव्हती.

ती तशीच कपडेपटात गेली. ताई भिंतीला कान लावून उभी होती. ज्या भिंतीला ती कधी बोटही लावत नसे, तिला. धाकटीनं सगळं सांगून टाकलं. ते काका होते, ताई. आम्ही ठरवून केलं. तू जेवावंस म्हणून केलं. पलीकडे कुणी नव्हतं, कधीच नव्हतं. मी खोटं बोलले.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिवशी 'हो' कोण म्हणालं?"

"मीच."

"नाही," ताई म्हणाली. "माझी छोटी हो म्हणत नाही." आणि दोन पावलं मागे सरून, अनोळखी बाईशी बोलावं तशी अदबीनं तिनं विचारलं, "तिला कुठे ठेवलंय तुम्ही?"

ताईला रुग्णालयात न्यावंच लागलं. दिलेला शब्दही गेला. गाडीत ती दोघांच्या मध्ये ताठ बसली होती आणि धाकटीच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होती, खोट्या नाण्याकडे बघावं तशी. डॉक्टरीणबाईनं सगळं ऐकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी मायेनं केलंत, ते दिसतंय मला. पण तिच्याकडे खातरजमा करायला जगात एकच माणूस होतं."

ताई परत आली. नवं औषध तिला मानवलं, हळूहळू पूर्वीपेक्षाही बरं. धाकटी धाकटीच आहे, हे तिला पटलं; तुम्हीवरून ती तूवर आली, मग एक दिवस छोटीवरही आली. सुया ओवून ठेवलेल्या ती वापरू लागली. दुपारच्या चादरीही निघू लागल्या. पण पहिल्या चादरीला हाताला हात लागला की ताई काही विचारत नसे. नुसतीच टोकं जुळवायची आणि घडी टेबलावर ठेवायची. धाकटीनं एकदा आपणहून म्हणून पाहिलं, ताई, मला काही ऐकू येत नाही हं. ताई म्हणाली, "मी विचारलं का?" त्यानंतर धाकटीनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

काकांनी देखाव्यांच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. तेव्हापासून कपडेपटात एक रीत पडली. बाहेरून हाक मारायची नाही. दारात यायचं, उजेडात उभं राहायचं, ताईची नजर पडू द्यायची, मी अमुक, असं सांगायचं आणि मग बोलायचं. नवे नट यायचे त्यांना मेकअपच्या आधी हे शिकवलं जायचं: इथे आधी माणूस, मग आवाज. काही जण त्यात गंमत शोधायचे. काका मात्र म्हातारपणीसुद्धा त्या दारात काठी टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी काका आहे. दारातून येतोय."

एकदा ताईनं त्यांच्या बाहीचं सैल बटण लावता लावता, मान वर न करता सांगितलं की त्या दिवशीचा आवाज तुमचा होता, ते मला तेव्हाच कळलं होतं. बोलण्याआधी तुम्ही खोकला दाबलात, एन्ट्रीच्या आधी नेहमी दाबता तसा. मग काय वाटलं तुला, असं काकांनी विचारलं. ताई म्हणाली, "मला वाटलं, त्यानं तुमचाही गळा घेतला. तुमची दया आली मला." आणि दोरा दातानं तोडला. तुमच्यावर माझा राग नाही, असं म्हणाली.

काकांनी हे धाकटीला सांगितलं ते तिला हलकं वाटावं म्हणून. तिला हलकं वाटलं नाही. आवाजाला ताई फसलीच नव्हती. मग त्या दुपारी तिथे खोटं काय होतं, तर एकटं ते 'हो'. काकांना माफी मिळाली. मंडळींना मिळाली, मालकांना मिळाली. धाकटीवर ताई कधी रागावलीसुद्धा नाही, तर माफ काय करणार? ती नुसती विचारत नव्हती.

त्या न विचारण्यानं धाकटीला पछाडलं. दुपारी ताई जेवायला बाहेर गेली की ती त्या भिंतीशी जाऊन उभी राहायची. कान लावायची. पलीकडे आता दार नव्हतं, वारा यायचा, रंगवलेलं जंगल हलायचं. त्या हलण्याच्या आवाजात तिला स्वतःचा आवाज सापडायचा: हो, ऐकलं. इतका स्वच्छ, इतका नैसर्गिक. रंगमंचावरचं तिचं एकुलतं वाक्यही तिला म्हणवेना. 'कुणीतरी भेटायला आलंय' म्हणताना ती दाराकडे बघायची आणि तिचा चेहरा असा व्हायचा की पहिल्या रांगेतली माणसंही मागे वळून बघायची. शेवटी तिनं मालकांना सांगून मोलकरणीचं काम सोडलं. एप्रन तिनं पेटीत घालून ठेवला. त्या खिशाची शिवण तिनं कधी उसवली नाही.

वर्षं गेली. काका गेले. नाट्यगृहाचे खेळ कमी झाले, मग बंदच झाले. राजांचे झगे कुणीकुणी नेले. चादरी तेवढ्या धाकटीनं घरी आणल्या. त्यांना कुणी विचारत नव्हतं. दोघी म्हाताऱ्या बहिणी दोन खोल्यांत राहू लागल्या. सकाळी धाकटी गोळ्या काढून ठेवायची, ताई तिच्यासमोर त्या घ्यायची आणि जीभ वर करून दाखवायची, न सांगता. पलीकडचा अजून बोलतो का, हे विचारायची धाकटीची छाती झाली नाही. ताई कधी कधी जेवता जेवता थांबायची, मान किंचित वळवायची आणि पुन्हा जेवायला लागायची. त्यावरून जे समजायचं ते धाकटी समजायची.

मग ताईच्या छातीत पाणी झालं. या वेळी रुग्णालय वेगळं होतं, साधं, शरीराचं. लांब वॉर्ड, खिडक्या उंच, दुपारचं तिरपं ऊन. नर्स चादर बदलायला आली आणि तिनं ताईला खुर्चीत बसवलं. धुतलेल्या चादरींचा ढीग पलंगावर होता, त्यातली एक सुटून लोंबत होती. धाकटीनं सवयीनं ती उचलली आणि दोन टोकं धरली. ताईनं खुर्चीतून हात पुढे केला. तिच्या बोटांत चादर राहीना. थरथर आता फारच वाढली होती. पण तिनं तिची दोन टोकं मुठीत धरली आणि धाकटी चालत तिच्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली. मधल्या वेळात तिला गुंगी होती, शुद्ध अशी आली नाही. म्हणून ती शेवटचं जे बोलली, ते त्या दुपारचंच.

हाताला हात लागला. ताईनं वर पाहिलं. वॉर्डात गाडा खडखडत होता, कुणीतरी खोकत होतं, लांब नळ वाहत होता.

"छोटे," तिनं विचारलं, "ऐकतेस का?"

धाकटीला हो म्हणणं फार सोपं होतं. मरणाच्या वाटेवरच्या बहिणीला एकटं वाटू नये म्हणून एवढं म्हणायला कुणाचीही हरकत नसती.

"नाही, ताई. मला नाही ऐकू येत."

ताईच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. ती खुर्चीत मागे टेकली.

"आहे तो," ती म्हणाली. "म्हातारा झालाय." आणि मग चादरीकडे बघून, कपडेपटातल्या जुन्या, किंचित खेकसणाऱ्या सुरात:

"बरं. टोकं जुळव."